स्वल्पविराम

पाणीवाटप संस्थेच्या कपाटात पेनड्राइव्ह सापडला,
बिडीच्या कट्ट्याच्या कागदात गुंडाळलेला.
आत सात वर्षांच्या पाणीपाळ्या:
पांझरेचं पाणी, आमच्या बंधाऱ्यावरून,
चार फडांत कुणाला किती तास.
फाइल उघडेना.
धुळ्याच्या ज्या कंपनीनं ती कोंडली
तिच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
फोन केला तर बाई सांगते,
हा क्रमांक अस्तित्वात नाही.

पडद्यावर चौकोन, चौकोन, प्रश्नचिन्ह, चौकोन.
झिपरू तात्या, चाळीस वर्षांचे पाटकरी,
चष्मा पुसून म्हणाले,
"पाटले बी कुलूप ऱ्हास का, माय?"

मला हसू आलं. मग गेलं.

त्यांची जुनी वही शेजारीच होती,
लाल कापडाची, कोपरे उंदरानं खाल्लेले,
एकाहत्तर सालची जांभळी शाई.
नाव, गट, फड, तास.
मी ती उघडली आणि ती उघडली.
एवढंच.

रात्री तात्यांच्या मागे चारीवर गेले.
वरच्या फडाचं भिजणं संपलं
की दगा जागल्या हाक देतो.
खालून ओ आली की फावड्यानं बारं फोडायचं.
ओ नाही आली, तर पुन्हा हाक.
या हाकेचा कुणी मालक नाही.
कालच लागलेला सालदारही
पहिल्या रात्रीत शिकतो,
आणि अंधारात, एकमेकांचं तोंड न बघता,
दोन माणसं अख्खी नदी हातोहात देतात.

सकाळी वहीवरून साधी फाइल करायला घेतली.
पहिल्या ओळीत कुठला रकाना कशाचा ते,
मग नाव, स्वल्पविराम, गट, स्वल्पविराम.
संस्थेच्या खटारा यंत्रावर उघडेल,
भाच्याच्या तडकलेल्या मोबाइलवर,
आणि ज्याचं अजून बारसंही झालं नाही
अशा कुठल्या यंत्रावर.
"बोरसे, आनंदा" असल्या नावांनी मात्र घोळ घातला:
आनंदा गेला गटात, तास गेले पार बांधाबाहेर,
दोन दिवस निस्तरत बसले.

ती सात वर्षं अजून बंदच आहेत.
त्यातच ते साल, नदी आटली तेव्हा
सगळ्यांनी बसून तोडलेली, तासातासानं वाटलेली पाळी.
अध्यक्ष म्हणाले, फेक ते.
मी पेनड्राइव्ह पुन्हा त्याच कागदात गुंडाळला.

छापील कागदावर तात्यांचं बोट फिरत होतं,
अडखळत.
"हाई काय शे, माय?"
बोटाखाली स्वल्पविराम.
म्हटलं, इथं पाणी वळतं, तात्या.