व्याप्ती आणि मर्यादा

पेट दोनदा दिली, तिसऱ्यांदा निघाली.
यादीत नाव खालून चौथं.
बसमतहून नांदेडची पहिली एसटी,
पिशवीत सगळ्याच्या सहा-सहा झेरॉक्स,
जातवैधता, स्थलांतर, गॅपचं शपथपत्र.
समितीनं विचारलं, विषय?
म्हटलं, मोजमापाचे शब्द. खळ्यातले, मोंढ्यातले.
चिपटं, कोळवं, आधोली, पायली, मण, खंडी.
एक सर हसले.
म्हणाले, व्याप्ती आणि मर्यादा सांगा.

व्याप्ती: बसमत, कळमनुरी, औंढा.
मर्यादा: मी.
ही दुसरी ओळ ठोंबरे सरांनी
लाल पेनानं खोडली.

मग सहा महिने कोर्सवर्क.
गृहीतक म्हणजे काय, चार गुणांसाठी लिहिलं.
नंतर दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल.
प्रगती झाली का, असा रकाना नव्हता त्यात.
सहीचा होता.

माहितीदाते बत्तीस.
औंढ्याचे मगदूमचाचा म्हणाले,
पायली कुठं एक असती का बाई,
दहा कोसांवर कमी-जास्त होती.
घेणाऱ्याच्या हाताची येगळी,
देणाऱ्याच्या हाताची येगळी.
हे प्रकरण तीनमध्ये घेतलं.
सर म्हणाले, आधार द्या.
तळटीप दिली: मगदूमचाचा, ओट्यावर, चहा घेताना.
चहा काढायला लागला.

माहितीदाता क्रमांक एक.
पुरुष, वय चौसष्ट, व्यवसाय मापाडी,
शिक्षण चौथी नापास,
मुलाखतीचं स्थळ राहतं घर.
राहतं घर माझंही तेच.
पण वडील असं लिहायचं नाही,
वस्तुनिष्ठता जाते.

मोबाईलमध्ये अण्णा ज्वारी मोजतायत.
लाभ, दोन, तीन, चार.
मी विचारते, एक कामून म्हणत नाहीत?
एकानं काय होतंय लेकरा, एक म्हंजे एकटं.
पहिलं माप कुणाच्याबी पदरात पडू दे,
आपण लाभ म्हणावं.
मग बराच वेळ नुसता दाण्यांचा आवाज.
लिप्यंतरात मी लिहिलं:
विराम, सतरा सेकंद.

चौथ्या वर्षी अण्णांच्या आडतीवर
लाल आकड्यांचा काटा आला.
ते हळदीच्या कट्ट्यावर बसून आकडे वाचायचे
आणि प्रत्येक आकडा एकदा
हातानं कट्टा उचलून तपासायचे.
काटा बरोबर असायचा.
त्याचंच त्यांना वाईट वाटायचं बहुतेक.

पाचव्या वर्षी मुदतवाढीचा अर्ज.
कारण या रकान्यात जागा दीड इंच.
कौटुंबिक, असं लिहिलं.
त्यात अण्णा मावले.

यंत्रानं साधर्म्य काढलं तेरा टक्के.
चालतं दहा.
लाल झालेल्या ओळी बघत बसले रात्रभर,
चार शेरांची पायली, भरल्या मापाला हात लावू नये,
सांडलेलं पाखरांचं.
सगळं कुणीतरी आधी म्हटलेलं.
आता हे कुणाचं उचललं म्हणून सांगू?
आज्याचं? त्याच्या आज्याचं?
शब्द फिरवले, वाक्यं मोडली, नऊ पॉइंट आठवर आणलं.
त्या सतरा सेकंदांखाली मात्र
यंत्राला काही सापडलं नव्हतं.

विष्णुपुरीच्या फाट्यावर बाइंडिंग.
मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती,
दोन सीडी, ग्रंथालयाचं ना-देय, चलनाची पावती.
अर्पणपत्रिकेत एवढंच: क्रमांक एकला.
दुकानदाराला वाटलं छपाईत काहीतरी राहिलं.

खिडकीत कुलथे साहेबांनी डबा बाजूला सारला,
अंगठा ओला केला,
प्रती एकेक उचलून डावीकडं ठेवत गेले.
ओठातल्या ओठात,
लाभ. दोन. तीन.
मी जाळी धरली.
चार.
कुठले तुम्ही, विचारावंसं वाटलं,
मागं रांग होती.
पाचवी त्यांनी उघडली, माझ्याकडं फिरवली.
प्रमाणपत्रावर गाईडची सही नाही.
उद्या आणा, म्हणाले. अकरानंतर.
आणि हे बाकीचं पण घेऊन जा,
इथं ठेवायला जागा नाही.