बसल्या उंचीवरून

गिम्बल साडेचारशे डॉलर. रोनाने त्याला
काचेबाहेरूनच हात जोडले.
वाइड लेन्स उचलली, परत ठेवली:
तिच्यात दहा फुटांची खोली दिवाणखाना होते
आणि मग गिऱ्हाईक दारातच खट्टू.
घेतला एक वापरलेला माइक, ऐंशीला,
अन् दोन दिवे, त्यातला एक पिवळट.

इन्व्हरकार्गिलचा वारा बंद खिडक्यांतूनही घरात येतो.
गारठ्याने तिचा हात कापला
की पडद्यावर भिंती कापायच्या.
म्हातारा हीनन बघत होता. काही न बोलता
गॅरेजमधून व्हीलचेअर ढकलत आला.
"चाकांना तेल घातलंय."

फोन उशीला बांधला, मोज्याने.
आता घर कसं लोण्यासारखं सरकलं—
ओट्याची खालची कड, दारांच्या मुठी,
खिडकीत नुसतं आभाळ.

"फारच खालून आलंय," रोना म्हणाली,
"उभ्याने घेते पुन्हा."
तो पडद्यावर वाकलेलाच.
"मॅव्हिसला चार वर्षं
असंच दिसायचं."

जाहिरातीत उभ्याने घेतलेलंच गेलं, जरा हललेलं.
दुसरं तिने पेनड्राइव्हवर दिलं, बिलात न धरता.
तेल घालूनही माइकमध्ये
चाक कुरकुरलं होतं,
ते तिने पुसलं नाही.