मापाचं

स्टोअरची किल्ली माझ्या गळ्यात असते.
पहाटे सहाला, मिस्तीच्या माथ्यावर ऊन टेकायच्या आधी
मी खिडकी उघडते:
पांढरी हेल्मेटं साहेबांना, पिवळी बाकीच्यांना,
हिरवी वीजवाल्यांना, त्यांचा तोरा वेगळाच.
पट्टे मोजून देते, मोजून घेते.
आरेकिपाच्या या चढावर आठ मजले व्हायचेत,
सहाव्याचा स्लॅब परवा भरला.

फोर्तुनातो वाल्पा मार्चमध्ये आला.
पूनोकडचा, सळ्या बांधणारा,
बोटं पक्कडीसारखी.
पट्टा खांद्यावर टाकून जायचा, रिकाम्या पोत्यासारखा,
हुक नुसता लोंबायचा.
मी रागावले.
म्हणाला, "बसत नाही मला, निल्दाबाई."
मी दुसरा दिला. मोठा दिला. माझ्या हातानं बक्कल ओढून बघितलं.
फार उशिरा कळलं,
तो पट्ट्याचं बोलतच नव्हता.

आधीच्या कंपनीत हेल्मेटचे पैसे पगारातून कापायचे.
फळी हलते, असं त्याचा मावसभाऊ एकदा बोलला,
दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत.
मग फळी सगळ्यांनाच दिसायची
आणि कुणालाच दिसायची नाही.
शेवटी ती एका एकोणीस वर्षांच्या पोराला घेऊन गेली.
त्या आठवड्यात पट्टे वाटले, फोटो काढले,
संध्याकाळी पट्टे परत गोळा केले.
हे त्यानं मला सांगितलं
नखातली गंजाची रेघ खरवडत, जणू हवापाण्याचं बोलावं तसं.

आमच्याकडे सात वाजता पाच मिनिटांचं भाषण.
इंजिनियर सेगार्रा कागद वाचतो, स्पॅनिशमध्ये.
अर्धी माणसं हिशोब केचुआत करतात,
भीतीसुद्धा केचुआतच.
माना हलतात.
होकार हा सगळ्यात स्वस्त माल,
त्याची पावती लागत नाही.
एकदा कागद घरी राहिला
तेव्हा मुकादम सातुर्निनो पुढे झाला,
आपलं अर्धं बोट वर धरून
केचुआत सांगू लागला ते कुठं गेलं,
कुणामुळे नाही, स्वतःच्याच घाईमुळे.
कुणीतरी हसलं. मग कुणीतरी विचारलं.
त्या दिवशी पाचाची वीस मिनिटं झाली.

क्रॉसच्या सणाला चार दिवस राहिले होते.
सकाळी दहाला फोर्तुनातो माझ्या खिडकीशी आला,
चेहरा चुन्यासारखा.
हेल्मेट काढलं, उंबऱ्यावर ठेवावं तसं फळकुटावर ठेवलं.
"हिशोब करून टाका."
काय झालं?
"बोललो मी. पाचव्या मजल्याची परात. खालची पकड सुटलीय."
वर सगळं थांबलं होतं.
रस्त्यावर काँक्रीटची गाडी पोट फिरवत उभी,
तिचा तासाचा दर मला पाठ आहे.
सेगार्रा खूश नव्हता, ते इथवर ऐकू येत होतं.
पण शिव्या तो पकडीला घालत होता,
पकड कसणाऱ्याला घालत होता,
गाडीला, सोमवारालाही.
यात फोर्तुनातोचं नाव कुठं येतंय
म्हणून आम्ही दोघं कान देऊन उभे.
आलं नाही.

एक वाजला. भात, मसूर.
तो जेवला नाही, गेटकडे बघत राहिला.
दोन वाजता सातुर्निनोनं वरून हाक मारली:
"वाल्पा! तुझ्याशिवाय सळ्या स्वतः बांधून घेणार का?"
हेल्मेट उचलताना त्याचा हात थरथरला,
इतक्या उंचीवर कधी थरथरला नसेल.

दुसऱ्या दिवशी, रांग मागे खोळंबलेली असताना,
पाठ माझ्याकडे करून म्हणाला,
"डावीकडे सैल होतोय. जरा ओढा."
मी ओढला.

हे सगळं खरं, तरी सगळ्यांचं असं होत नाही.
एफ्राईन शुक्रवारी सोडून गेला,
न सांगता, न भांडता.
त्याला इथं काय टोचत होतं
ते लिहायला माझ्या रजिस्टरात रकाना नाही.
त्याचं हेल्मेट मी अजून कुणाला दिलेलं नाही.
आतली पट्टी
त्याच्या डोक्याएवढीच
उघडी आहे.