सुटं बटण

समोर नवं दुकान झालं, काचेचं, गार हवेचं.
शंभर बटणांचं पाकीट, नव्वद रुपये, घरपोच.
पुतण्या म्हणाला, काकी, भाव पाडा,
नाहीतर शटर.

पाडायला भाव उरलाच कुठे होता?
ठाकूरद्वारच्या त्या पाच फुटांत
मी फक्त पाटी लावली:
एक बटणही मिळेल.

मग लोक आले, मुठी झाकून.
बँडवाला इझिकेल, त्याच्या लाल कोटाचं पितळी.
पाळणाघराच्या मावशी, कुणाकुणाचं काय काय.
मी डबे उपसते. वर ह्यांचं अक्षर अजून:
‘हिरवट, पण हिरवं नव्हे’.
बटण घेऊन पायरीवर यायचं, उन्हात,
ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतात.

परवा धारप मास्तर आले.
गेलेल्या भावाचा कोट, बाहीचं एक बटण नाही,
शिंपल्यासारखं, चार भोकांचं.
सगळे डबे पालथे केले. नाहीच.
म्हटलं, समोर बघा, त्यांच्याकडे असेल.
पुतण्याने कपाळावर हात मारला.

होतं त्यांच्याकडे.
पण अख्खं पाकीट घ्यावं लागलं.

दिवेलागणीला मास्तर परत,
कोट अंगात, जरा ढगळच,
नव्याण्णव बटणं काउंटरवर ओतली.
“सुटी विका. येईल कुणीतरी.”
पैसे काढले तर रागावले.

रिकामा डबा पुसून घेतला.
वर काय लिहावं, सुचेना.
अजून कोराच आहे.

त्यातली तीन गेली.