पंचांगात नसलेली ओहोटी

रात्री पावणेतीनला मानस उघडते.
उघडायला कुणी लागत नाही.
नदी उतरली की खाजनातलं पाणी
आतून फळ्यांना खांदा लावतं,
आधी एक कण्हणं, मग फेस,
मग जाळ्यात सुंगटं,
एखादी कुर्ली, कुणाची तरी चप्पल.

जाळं मी धरते. बॅटरी आनासियो.
त्याच्या दुसऱ्या हातात फोन,
हनुवटी खालून तांबडी झालेली.
“आणखी नऊ टक्के,” तो म्हणतो,
आजाऱ्याचा ताप सांगावा तसा.

मीही पाहिलाय. जेवल्यावर, एकदाच.
मग फोन तांदळाच्या डब्यात.
हसा खुशाल.

तेजीत सगळं चोडण शहाणं झालं होतं.
पायी माणसाला फेरीबोट फुकट, तसाच सल्लाही.
रायबंदर येईपर्यंत कितीजण लखपती व्हायचे,
उतरताना पुन्हा डबा, छत्री, हजेरी.

तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर,
जिथे मानशीच्या पावणीचा हिशेब असतो, तिथे लिहिलं:
बुडाले तरी चूल पेटेल, एवढेच घालायचे.
दुप्पट झाले की मुद्दल बाहेर.
तिसरी ओळ खोडलेली आहे.
काय होती आठवत नाही. बहुधा हाव.

मुद्दल बाहेर आलं, त्याचं होडीला इंजिन आलं.
जुनंच, धूर सोडणारं,
पण त्याचा भाव बघायला
रात्री उठावं लागत नाही.
मागे ठेवलेलं मात्र पडलं. शंभराचे एकोणतीस.
दुखतं.
दुखत नाही म्हणणाऱ्याने
एकतर काही घेतलं नव्हतं, नाहीतर तो खोटं बोलतोय.

आनासियोने पिकअप गहाण टाकली होती.
वर उधारीचे पाचपट.
तो झोपलेला असताना कुठल्याशा यंत्राने
त्याचा सौदा परस्पर मिटवला.
सकाळी पाव आणायला गेला, तेव्हा कळलं.

“ओहोटीतच जाळं लावतात ना, सुलक्षा?
थोडे उरलेत. आत्ताच घालतो.”

प्रश्न चांगला होता. मला लगेच उत्तर आलं नाही.
पलीकडे पणजीच्या कॅसिनोंचे दिवे
पाण्यात लांबत, तुटत होते.

“ही ओहोटी आपल्याला ठाऊक आहे, आनासियो.
आज द्वादशी, म्हणून पावणेतीन.
उद्या साडेतीन. परवा त्याहून उशिरा.
त्या ओहोटीची तिथी
कुणाच्या बापाने मांडलीय?
तळ आला म्हणणाऱ्यांच्या पायाखाली
मी चारदा आणखी पाणी पाहिलं.”

तो गप्प.
बांधाला कुर्लीने पोखरलेलं भोक होतं, अंगठ्याएवढं.
मी चिखलाचा गोळा दाबून बसवला.
हे काम सकाळवर टाकायचं नसतं.

“सोमवारी बँकेत जाऊ,” मी म्हटलं,
“हप्ता लांबवतात का विचारू. मी येते.
आधी गाडी सोडव. उरलेले तिथे.
आणि फिलोमेनाला आजच सांग.”
“ती मारील.”
“मारू दे. नंतर तीच हिशेब नीट करील.”

सुंगटं मोठी-बारीक वेगळी केली.
पाणी फिरलं. फळ्या धडकन मिटल्या.
नदी बाहेर उभी राहिली,
दाराशी आलेल्या वसुलीवाल्यासारखी.

फोन खिशात घालत तो म्हणाला,
“तांदळातले किडे जात नाहीत त्यात?”
“जातात,” मी म्हटलं. “तरी ठेवते.”