अठरा मिलिमीटर

पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये
माझ्या हातात असते ती कात्री जपानी आहे.
चोच बारीक, मूठ लाल,
दिवसभर चालवली तरी अंगठ्याला घट्टा नाही.
खैरनार साहेबांनी सही घेऊन दिलीय.
हरवली तर दोन दिवसांचा रोज गेला.

बाजीराव भाऊजी दिवाळीपासून सांगतायत,
बाहेरचा माल घरात आणायचा नाही.
चिनी माळ त्यांनी उंबऱ्यावरूनच परत धाडली.
दुकानदार घेईना,
मग गोठ्यात लागली.
म्हशी अजून तिच्याच उजेडात रवंथ करतात,
लाल, हिरवी, लाल.

मी दगूनाना लोहाराकडे गेले.
म्हटलं, अशी करून द्या.
त्यांनी कात्री डोळ्यांशी नाही, कानाशी नेली.
दोनदा उघडली, दोनदा मिटली.
म्हणाले, पाणी चांगलं दिलंय बाईनं,
जशी काही जपानात कोणी बाईच भात्यापाशी बसलेली.

पहिली त्यांनी ट्रकच्या पाट्यातून काढली.
तिनं देठ कापला नाही, चावला.
दुसरी तीनशे घड नीट चालली,
मग खिळा सैल.
दोन्हींचे पैसे घेतले नाहीत.
तिसरीचं मी विचारत नाही.
विचारलं तर घाई करतील.

आमच्याकडे एक लोखंडी रिंग असते, अठरा मिलिमीटरची.
मणी तिच्यात अडला तर तो बोटीत बसणार,
खाली पडला तर बाजूच्या क्रेटमध्ये.
त्या क्रेटवर मार्करनं लिहिलंय: लोकल.
जे उरतं ते आपलं,
असंच शिकवलंय आम्हाला पहिल्या दिवशी,
दुसऱ्या शब्दांत.
घरी तेच आणते मी, शेरभर.
ऋतुजा म्हणते, बारकेच गोड लागतात.
ते खरंही आहे.

डबीवर जे लेबल चिकटवते
त्यातला एकच शब्द मला वाचता येतो, आपल्या देशाचा.
कधी कधी वाटतं,
तिकडं कुठल्या तरी गार दुकानात
एक बाई ही डबी उचलत असेल,
उलटी करून तोच शब्द वाचत असेल,
आणि शेजारून कोणी म्हणत असेल,
ठेव ते, बाहेरचं आहे.
आपल्याकडं सफरचंदं काय कमी आहेत?
ती ठेवते.
तिच्याही घरी भाऊजी असणारच.
मला राग येत नाही.
थोडा येतो.
मी वेचलेला, पुसलेला, गंधकाच्या कागदाखाली
लेकरासारखा निजवलेला घड तो.
मग तो तिथं कुठल्या गोठ्यात जात असेल?

हे मी भाऊजींना सांगितलं.
ते बराच वेळ गप्प बसले.
मग म्हणाले, ते वेगळं.
कसं वेगळं, ते अजून सांगायचेत.

काल तिसरी आली.
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
चोच जरा जाड, पण सरळ.
दुपारपासून तीच चालवली.
अंगठ्याला फोड आला,
देठ मात्र एका आवाजात तुटत होता.

संध्याकाळी नाना फाट्यावर उभे होते,
हातातली विडी न पेटवता.
तिच्यासारखी झाली का?

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी.
नाही, म्हटलं. अजून नाही.

त्यांनी कात्री मागून घेतली,
कानाशी नेली,
आणि कितीतरी दिवसांनी हसले.
राहू दे ही तुझ्याकडं, म्हणाले.
चौथी लावतो.