नाशिकला पाऊस झाला की

होडी हर्णैहून आली, ट्रकवर, उलटी बांधलेली,
तळाला शिंपल्यांचे ओरखडे अजून पांढरे.
तिच्यासोबत दाऊदभाई पावसकर आले,
इंजिन शिकवायला, चार दिवसांच्या बोलीवर.
कायगावच्या पुलाखालचं पाणी बघून म्हणाले,
"ह्याला तुम्ही सागर म्हणता?"
कचरूमामा काही बोलले नाहीत.
तंबाखू मळत राहिले
मावळतीकडं बघत.

मृग लागलेला, आभाळ कोरडं, पाणी उतरलेलं.
आठला निघालो. पैठण गाठायचं होतं
उन्हं कलायच्या आत.
डिझेलचा धूर, मांडीवर भाकरीचं फडकं,
आणि काठ असा, की काठच नाही :
गेल्या साली जिथं जाळी टाकली
तिथं आता टरबुजाच्या वाळक्या वेली,
आणि मैलभर लांबून आलेले
पाण्यात तोंड घातलेले काळे पाईप.

"उजवीकडं घ्या, इथं खाली बाभळी हायेत."
"इथं?"
"इथं विहीर. माझ्या चुलत्याची.
कठडा हातभर खालीच हाये."
दाऊदभाईंनी खिशातला मोबाईल काढला,
निळ्या पडद्यावर नुसतं निळं.
परत खिशात घातला.

दहाच्या सुमाराला पाण्याचा रंग बदलला,
चहावर साय धरावी तसा.
मग मागून वारा ढकलू लागला,
आणि बाजूनं, आणि कुठूनही.
नाळ वर जायची, धाडकन खाली यायची,
फळ्या बोलायच्या.
मी रंगाच्या रिकाम्या डब्यानं पाणी उपसू लागलो.
डब्यावर लिहिलेलं होतं : आकाशी.

तीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस
एक वाजता काठावर वाकून ओकला.
"ही लाट नाय," म्हणाले, "ही उचकी हाय.
दर्या कसा, श्वास घेतो, सोडतो, आपल्याला कळतं.
हिला दमच नाय."
मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला,
दुसऱ्या हातानं सुकाणू धरलं,
पहिल्यांदाच.

तेवढ्यात इंजिन गप्प.
पंख्यात नायलॉन.
मामा विळा दातांत धरून उतरले,
दोनदा दिसले, एकदा नाही,
मी मोजायचं विसरलो.
मग वर आलं ते जाळं, शेवाळलेलं,
त्यात एका चिलापीचा सांगाडा, शहाण्यासारखा बसलेला.
"आपलंच हाये," मामा म्हणाले. "ही गाठ तुझ्या मायची."
दोन सालांमागं हरवलेलं.
आई तेव्हा होती.
घडी करून त्यांनी ते माझ्या पायाशी ठेवलं,
आणि दोरी ओढली.
चौथ्या ओढीला पकडलं इंजिननं.

दाऊदभाईंनी चूळ भरायला ओंजळ घेतली
आणि थांबले.
परत घेतली.
प्याले.
भर वादळात होडीच्या काठावरून पाणी पिणारा माणूस
मी आधीही पाहिलेला, रोजच,
पण असं तोंड झालेला नाही.
"भरती कधी असते इथं?" त्यांनी विचारलं.
"नाशिकला पाऊस झाला की."
"आणि ओहोटी?"
"कालव्याला सोडलं की."

धरणाच्या भिंतीवर दिवे लागले तेव्हा पोचलो.
उन्हं केव्हाच कलून गेली होती.
रात्री गच्चीवर खाट हलत राहिली.
उशाशी जाळं टांगलेलं, थेंब थेंब.
अंधारातच चाचपली ती गाठ,
सोडवायची नाही म्हणून
सोडवली नाही.